वखारीतल्या तंबाखूला बुरशी लागू नये म्हणून काय करावे

निपाणी-चिकोडी पट्ट्यात बिडीचा तंबाखू जानेवारी-फेब्रुवारीत निघतो, उन्हावर वाळतो आणि पुढे पावसाळाभर वखारीत राहतो. जुलैत पोतं उघडल्यावर पांढरा बुरा दिसला, की सगळे पावसाला दोष देतात. पण बऱ्याचदा ओल पानाबरोबरच आत गेलेली असते.

आधी शीर तपासा. पानाचा पापुद्रा लवकर वाळतो, मधली जाड शीर मागे राहते. बुरशी बहुतेक वेळा तिथेच, देठाकडच्या टोकाला धरते. थप्पीच्या वेगवेगळ्या भागांतली पानं घेऊन शीर वाकवा. कट्कन मोडली तर माल तयार आहे; नुसती वाकली तर परत उन्हात. कडक पान चुरा होतं, म्हणून ते पहाटे दवावर मऊ झालं की गोळा करतात. ते योग्यच आहे, पण दवाने ओलावलेलं पान तसंच पोत्यात दाबू नका. ही घाई सर्वांत महागात पडते.

थप्पी लावताना खाली लाकडी फळ्या टाका आणि भिंतीपासून हात-दीड हात अंतर सोडा. छताची गळती मे महिन्यातच बुजवा.

पावसाळ्यात दारं-खिडक्या बंद ठेवा, कोरडं ऊन पडलं तरच उघडा. वाळलेलं पान हवेतली ओल ओढून सादळतं. आर्द्रतामापक टांगा, आकडा ७० टक्क्यांवर टिकून राहिला, तर बुरशीला वाव मिळाला समजा. आठवड्यातून एकदा थप्पीत कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली किंवा कुबट वास आला, तर थप्पी लगेच मोडून माल पसरा. मुद्दाम मुरवायला लावलेला ढीग तापतोच, त्याला हा नियम लावू नका.

बुरशी दिसलीच तर ती पोती आधी बाहेर काढा, मग उघडा. बुरा झटकून ते पान चांगल्या मालात मिसळणं मला अजिबात मान्य नाही. अ‍ॅस्परजिलससारख्या काही बुरश्या विष तयार करतात आणि ते उन्हात वाळवून जात नाही. झटकताना उडणारे बीजाणू छातीत जाऊन कामगारांना फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. वखारीत दिवसभर पान निवडणाऱ्या बायकांना नाकाला पदर पुरत नाही, चांगला मास्क द्या. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून शरीरात जातं, म्हणून हातमोजेही हवेत.

खराब माल वेगळा काढून नष्ट करा, जमीन कोरडी झाडून घ्या, आणि त्या थप्पीचं बारदान नव्या मालाला वापरू नका.