आधी भोक, मग ओव्हन

गेल्या डिसेंबरात आमच्या ओट्यावर नाताळच्या झाडाला टांगायच्या २७ खोट्या पेपरमिंटच्या गोळ्या तयार झाल्या होत्या. मिठाच्या कणकेच्या, लाल-पांढऱ्या, दिसायला अगदी खऱ्या. झाडाला एकही लागली नाही, कारण दोरा ओवायला एकीलाही भोक नव्हतं. हे लक्षात आलं ओव्हनमधून काढल्यावर. दाभण तापवून बघितलं, मग नवऱ्याने ड्रिल काढलं. पहिल्या तीन गोळ्यांचे तुकडे झाले आणि धाकटीने भोकाड पसरलं. म्हणून यंदा मैद्याच्याही आधी भोक पाडायची नळी शोधून ठेवा. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर २०२२पासून बंदी आहे आणि कागदी स्ट्रॉ चार भोकांत लोळागोळा होतो. रिकाम्या बॉलपेनची नळी घ्या. ती ओट्यावर समोर दिसेल अशी ठेवा, ड्रॉवरमध्ये नको.

खऱ्या गोळ्या झाडाला टांगायचा मोह होतो. मुंग्यांना आमंत्रण द्यायचं असेल तर टांगा.

कणकेला मैदा २ वाट्या, मीठ १ वाटी, पाणी पाऊण वाटीपासून सुरुवात करून लागेल तसं. मीठ बारीकच, खडेमीठ नको, टोचतं आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. बेकिंग पावडर अजिबात नाही. पुरीच्या कणकेइतकी घट्ट मळा आणि अर्ध्या कणकेत खायचा लाल रंग घाला. रंग घालायचं काम तुम्ही करा, हातमोजे घालून. मुलांना जुने कपडे. शाळेचा गणवेश उतरवला आहे ना, बघा.

आकारांत मुलं खरी रमतात. लाल आणि पांढरी पोळी एकावर एक ठेवून बाकरवडीसारखी घट्ट गुंडाळी करायची आणि अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कापायच्या: गोल गोल रेघांची गोळी तयार. सुरी बोथट असेल तर चकती चेपते, मग पुन्हा हाताने गोल करत बसावं लागतं. दोन रंगांच्या वळ्यांना पीळ देऊन टोक वाकवलं की कँडी केन. ती मात्र आकड्यानेच फांदीला अडकते. बिचारीला भोक लागत नाही. चकत्यांना लागतं! कडेपासून १ सेंटिमीटर आत, आरपार, नळी फिरवून बाहेर काढा. वाळताना भोक थोडं आवळतं, म्हणून सुईने टोचून भागत नाही. आकार करणाऱ्या मुलांपैकी एकाला भोकांचा मुकादम नेमा. आमच्याकडे यंदा थोरला आहे आणि तो माझ्यावरही ओरडतो.

कागदी टॉफ्या करायच्या असतील तर रंगीत जिलेटिन पेपर आणि रिबन पुण्यात बोहरी आळीत मिळेल. २३-२४ तारखेपर्यंत थांबू नका, आणि मुलांना बरोबर नेऊ नका.

ओव्हन १०० अंशांवर, दोन ते तीन तास, मध्ये एकदा उलटा. घाई करून तापमान वाढवलंत तर फुगतात आणि तडकतात. ओव्हन नसेल तर पुण्याच्या कोरड्या हवेत तीन-चार दिवसांत वाळतील, पण गच्चीत ठेवलात तर वर जाळी झाका, कबुतरं आहेत. आत सरकवण्यापूर्वी ट्रेवरची भोकं मोजा. गोळ्या नव्हे, भोकं.

पूर्ण गार झाल्यावर वॉर्निश, मोठ्यांनी, खिडकी उघडी ठेवून. मग दोरा. आमचं झाड कुंडीतलं अरोकेरिया, फांद्या नाजूक, म्हणून जड गोळ्या खोडाजवळ. कुत्रा असेल तर खालच्या फांद्या रिकाम्या ठेवा, मीठ फार आहे. उतरवल्यावर कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पावसाळ्यात मीठ ओल धरतं, तेव्हा डबा माळ्यावर, सिंकखाली नको. बॉलपेनची नळीही त्याच डब्यात.