व्हेलामेंटस कॉर्ड इन्सर्शन: कोड लावताना

नाळ थेट वारेत न रुजता आधी पडद्यांत शिरली असेल, तर अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएममध्ये (निदानांच्या कोडांची यादी) मी ओ४३.१२ शोधते. पण तिथेच थांबलात तर विम्याचा क्लेम परत येतो. सहावा अंक हवाच. पहिल्या तिमाहीला १, दुसरीला २, तिसरीला ३. तिमाही आजच्या भेटीची धरायची, सोनोग्राफीची नव्हे! मी स्वतः इथे फसलेय: निदान २०व्या आठवड्यातलं, बाई आली ३१व्यात, आणि मी ओ४३.१२२ ठोकून मोकळी. हवा होता ओ४३.१२३, सोबत झेड३ए.३१, म्हणजे गरोदरपणाच्या ३१ आठवड्यांचा कोड. २७ आठवडे ६ दिवस म्हणजे अजून दुसरीच. नाळ नुसती वारेच्या कडेला असेल, तर हा कोड नको. आणि हो, हे कोड आईच्याच कागदांवर, बाळाच्या नाहीत.