कुंडीतल्या लिंबू-पेरूवरची खवले कीड

ठाण्या-नवी मुंबईत गच्चीवरच्या लिंबाची, पेरूची पानं चिकट आणि काळी पडली, की बहुतेक जण बुरशीनाशक आणतात. पैसे वाया जातात, कारण ती काजळी खवले किडीच्या गोड चिकट स्रावावर वाढते. पानाची मागची बाजू, मधली शीर आणि कोवळ्या फांद्या बघा. तपकिरी, न हलणारे टिपके नखाने खरवडा. टिपका अंगासकट निघून रस आला तर मऊ खवले. नुसतं कवच सुटून किडा खालीच राहिला तर कठीण खवले. यात चिकटा नसतो, फांदी मात्र वाळत जाते. पांढरा कापूस दिसला तर बहुधा पिठ्या ढेकूण (मिलीबग), ही वेगळी कीड.

फार भरलेली फांदी कापून पिशवीत बांधून टाका, झाडाखाली नको. बाकीची जुन्या टूथब्रशने साबणपाण्यात घासा. मग एक लिटर कोमट पाण्यात आधी २ मिली सौम्य द्रव साबण, नंतर ५ मिली कडुनिंब तेल घालून ढवळा. तेल वेगळं तरंगलं तर फवारू नका, पान भाजतं. फवारणी संध्याकाळी, पानाच्या मागून. कवचाखालच्या अंड्यांना ती पोचत नाही, म्हणून दर ८-१० दिवसांनी, तीन-चार वेळा. पावसाळ्यात उघडीप पाहूनच. सर आली की सगळं धुऊन जातं.

मुंग्या राहिल्या तर कीड परत येते. मुंग्या किडीचं तिला खाणाऱ्या ढालकिड्यांपासून (लेडीबग) रक्षण करतात. खोडाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळून वर ग्रीस लावा, थेट सालीवर नको.