कुटारातली पिवळी वांगी

यंदा नांगर न लावता, काळ्या मातीवर पुठ्ठे अंथरून वर वीतभर सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, टाकलं आणि त्यातच वांग्याची रोपं लावली. पंधरवड्यात खालची पानं पिवळी. मी पाणी वाढवलं, तीच चूक. कच्चं कुटार कुजवताना जिवाणू नत्र ओढून घेतात, आणि मुळं अजून मातीपर्यंत पोचलीच नव्हती. मग प्रत्येक रोपाभोवती कुटार सारून ओंजळभर काळंभोर, भुरभुरीत शेणखत भरलं. गोमूत्र दहापट पाण्यातून दिलं. बुंध्यापासून चार बोटं जागा मोकळी. दोन आठवड्यांत नवा पाला हिरवागार आला.

धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, तरोटा, कुर्डू हे तण मात्र उपटू नका. कोवळेपणी भाजी होते, आणि कुर्डूच्या गुलाबी तुऱ्यांवर सकाळपासून मधमाश्या असतात. त्याच पुढे कोहळ्याच्या फुलांवर जातात.