बंद पडलेली एसटी फेरी परत कशी मागायची

मी 27 वर्षं एसटीत वाहक होतो, सगळी नोकरी यवतमाळ-दारव्हा पट्ट्यातल्या खेड्यांच्या गाड्यांवर. फेरी मरते कशी, हे मी आतून पाहिलं आहे. आधी गाडी चार दिवस येत नाही. लोक फाट्यावर यायचं सोडतात. मग गाडी येते, रिकामी जाते, भारमान, म्हणजे भरलेल्या जागांचं प्रमाण, घसरतं आणि कागदावर शेरा पडतो: प्रवासी नाहीत. असे हिशेब मीही भरून दिलेत.

2021 च्या संपानंतर आमची मुक्कामी गाडी अशीच गेली. ज्यांना जमलं त्यांनी हप्त्यावर मोटारसायकल घेतली. माझ्या पुतणीची अकरावी सुटली. आमच्याकडची छोटी रेल्वे, शकुंतला, तर आधीच थांबली होती. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा झाला, पण त्यावर दुचाकीलाही बंदी. आणि आमचं तहसील नेलं बायपासला, जणू सातबारा काढायला येणारा प्रत्येक जण चारचाकीतूनच उतरतो. असो.

पहिलं काम वहीचं. पंधरा दिवस सकाळी सहा ते दहा फाट्यावर बसा. कोण, कुठं, कशानं, किती पैसे देऊन गेलं ते लिहा. पण खरी मोजणी घरोघरी करावी लागते. आमच्या वहीत पहिल्या आठवड्यात म्हातारं माणूस एकही नव्हतं. एका आजीला विचारलं तर म्हणाली, "गाडीच येत नाही, मंग काहून उभी राहू बापा?" तिच्या गुडघ्याच्या गोळ्या दोन महिन्यांपासून संपल्या होत्या. अशी माणसं आगाराच्या आकड्यात कधीच दिसत नाहीत. त्यांचं वेगळं पान करा.

मग ग्रामसभेचा ठराव. "गावाला बस मिळावी" एवढंच लिहिलं तर तो कागद फाइलीत झोपतो. वेळ लिहा, मार्ग लिहा. शाळेची घंटा साडेदहाला असेल तर गाडी दहाला तिथं पोचली पाहिजे आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर परत मिळाली पाहिजे. नुसती जाणारी फेरी मागू नका, पोरी अडकतात. मुख्याध्यापकांकडून मुलींची गाववार यादी घ्या. तालुका मानव विकास कार्यक्रमात असेल तर मुलींसाठीच्या बसची मागणी त्याच पत्रात घाला.

अर्ज आगार व्यवस्थापकांना, प्रत विभाग नियंत्रकांना. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. मी स्वतः त्याच खात्यातला, तरी माझा पहिला अर्ज हरवला; कारण ओळखीवर विसंबून पोच घेतली नव्हती.

महिनाभर उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. "फेरी का बंद केली" असं विचारू नका, मोघम उत्तर येतं. मागच्या वर्षभरात ती फेरी किती दिवस रद्द झाली आणि दर महिन्याचं भारमान किती, एवढंच मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. रद्द दिवस आणि घसरलेलं भारमान शेजारी शेजारी मांडलं की साहेब जरा खुर्चीत सरकून बसतात.

गाडी सुरू झाली की पहिला महिना काळीपिवळीत पाय ठेवायचा नाही. महिलांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढे प्रवास मोफत. पण शून्य रुपयांचं तिकीटसुद्धा वाहकाकडून मागून घ्या. मशीनमध्ये माणूस चढला पाहिजे, सवलतीचे पैसे शासन भरतं.

आणि गाडी वळायची जागा आधी बघून ठेवा. रस्त्यावर आलेल्या बाभळीच्या फांद्या छाटा. आमच्याकडे पहिल्या दिवशी हार, नारळ, बँड सगळं तयार होतं; वळणावर मात्र कुणाची तरी कापसाची ट्रॉली उभी. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला आणि गाडी रिव्हर्सनं फाट्यापर्यंत नेली.