ओळखीचा मेल दारातूनच परत जातोय?

अकाउंट्समधून फोन येतो, "अहो, त्या फाउंड्रीवाल्यांची बिलं येतच नाहीयेत!" म्हणून लगेच सगळे नियम ढिले करू नका, आधी लॉग बघा. आमच्याकडे पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर आहे. मेल लॉगमध्ये 'रिजेक्ट' शोधलं की एकाच ओळीत ५५४ ५.७.१ हा नकाराचा कोड, समोरच्या सर्व्हरचा आयपी (त्याचा इंटरनेटवरचा नंबर) आणि कारण सापडतं. बहुतेकदा तो आयपी एखाद्या ब्लॉकलिस्टमध्ये, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीत, अडकलेला असतो.

सूट द्यायची ती आयपीला, ईमेल पत्त्याला नाही. पाठवणाऱ्याच्या जागी कुणीही कुणाचंही नाव घालतं. पत्ता मोकळा सोडलात की त्याच नावाने खोटं बिल येणार, आणि अकाउंट्सवाले ते भरणारसुद्धा.

क्लायंट अ‍ॅक्सेसची, म्हणजे कुणाला आत घ्यायचं याची, एक साधी फाइल करा: आयपी, मोकळी जागा, ओके. वरच्या ओळीत # हे चिन्ह टाकून तारीख आणि कुणी मागितलं ते लिहा. मग पोस्टमॅप ही कमांड चालवा, नाहीतर पोस्टफिक्स जे वाचतं त्या हॅश टेबलात काहीच उतरत नाही.

खरी गोम क्रमात आहे. रेसिपियंट रिस्ट्रिक्शन्स, म्हणजे मेल घ्यायचा की नाही ते ठरवणारे नियम, वरून खाली तपासले जातात. म्हणून 'रिजेक्ट अनऑथ डेस्टिनेशन'च्या (आपला नसलेला पत्ता नाकारणारी ओळ) खाली, पण ब्लॉकलिस्टच्या वर आपली 'चेक क्लायंट अ‍ॅक्सेस' ओळ हवी. ती फार वर गेली, तर जुन्या मांडणीत तो आयपी तुमच्या सर्व्हरवरून जगभर मेल पाठवू शकतो.

पोस्टफिक्स रीलोड करा, लॉग चालू ठेवा आणि समोरच्यांना बिल पुन्हा पाठवायला सांगा. आयपी शेअर्ड होस्टिंगचा, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या सर्व्हरचा, निघाला तर मी सूट देत नाही. आधी तुमचं नाव यादीतून काढून घ्या म्हणतो.