स्पॅनिश शब्द तोडायचा कसा आणि जोर द्यायचा कुठे

'टाळ्या वाजवत शब्द म्हणा, सिलॅबल (उच्चाराचे तुकडे) आपोआप कळतात' हा सल्ला मराठी माणसाच्या कामाचा नाही. कोलंबिया आपण चार टाळ्यांत म्हणतो, स्पॅनिशमध्ये तीनच: को-लोम्-ब्या. म्हणून कागदावर तोडा, तेही मूळ रोमन स्पेलिंगवरून. देवनागरी जोडाक्षरं फसवतात. 'एस्पान्या' लिहिलं की 'स्प' एकत्र दिसतं, पण तोड एस्-पा-न्या अशी आहे.

व्यंजनं सोपी. एकटं असेल तर पुढच्या स्वराला, दोन असतील तर वाटून: कार्-लोस्. ब्र, त्र, प्ल, क्ल असल्या जोड्या फोडायच्या नाहीत (ली-ब्रो), दुहेरी आर, दुहेरी एल आणि सीएचसुद्धा नाहीत.

खरी अडचण शेजारी-शेजारी आलेल्या स्वरांची. आ, ए, ओ भक्कम. इ, उ दुबळे. दोन भक्कम कधीच एकत्र नांदत नाहीत: पो-ए-ता. दुबळा मात्र शेजाऱ्याला चिकटतो: वे-ने-स्वे-ला. (गिटारीच्या 'गी-ता-र्रा'मधला यू मुका असतो, त्याला मोजू नका.)

आता स्वराच्या डोक्यावरची तिरकी रेघ (á, í, ó). 'रेघ दिसली की तोडा' असं सर्रास शिकवतात आणि ते चूक आहे. रेघ कुणावर आहे ते आधी बघा. भक्कमाशेजारच्या दुबळ्यावर असेल तरच तोड: आन्-दा-लू-सी-आ. कान्-स्योन् म्हणजे गाणं. तिथे रेघ ओवर आहे, त्यामुळे 'स्योन्' अखंड. दोन्ही स्वर दुबळे असतील तर रेघ असूनही लेखनात ते एकच: क्वी-दा-ते (cuídate, काळजी घे). 'गियोन्'वर (guion, जोडरेघ) जुन्या पुस्तकांत रेघ दिसेल. स्पॅनिश अकादमीच्या २०१० च्या शुद्धलेखनाने ती काढली, कारण लेखनापुरता तो शब्द एकाच सिलॅबलचा मानतात. म्हणणारे काहीजण खुशाल दोन करतात.

तोड बरोबर जमली की जोर शोधणं किरकोळ. रेघ असेल तिथे जोर: बोगोता आणि पेरू शेवटी, मेखिको सुरुवातीला. रेघ नसेल तर शेवटचं अक्षर पाहा. स्वर, एन किंवा एस असेल तर जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर, नाहीतर शेवटच्या: मा-द्रिद्. शेवटचा वाय इथे व्यंजनात धरतात, म्हणून पा-रा-ग्वाय् शेवटी जड.

रेघा पाठ करत बसू नका, अनेकवचन करून पाहा. 'खोवेन्'वर (तरुण) रेघ नाही. 'खोवेनेस्' झालं की जोर 'खो'वरच राहतो, पण नियमाने तो 'वे'वर गेला असता, म्हणून 'खो'वर रेघ येते. कान्स्योनचं उलट: 'कान्स्योनेस्'मध्ये ती गळते.